कॅमेरा मुलांच्या हाती



जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासित मुलांना मोबाइलवर चित्रफिती करायला शिकवायला मी रजा टाकून गेले होते. पहिला धडा, चेहरा टाळून माणूस टिपायचा: हात, चूल, चपला. नातेवाईक तेव्हा सीरियातच. ओळख पटली तर त्यांच्या जिवावर बेतायचं. फाइलमध्ये दडलेलं ठिकाणही पुसायचं. माझं इंजिनिअरिंग एवढंच कामी आलं!

त्यांना मी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीबद्दल सांगितलं. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलं. त्यांच्या आठवणींचं पुस्तक पुढे त्यांनीच काढलं.

पवना धरणात ज्यांची गावं गेली, ती आपल्या मावळातली माणसं आता थकली आहेत. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या मुलांनी त्यांना बोलतं करावं. शिकवायला मी येते. दोन ट्रायपॉड आणि एक गाडी तुम्ही द्या.