लिझावेताचे पुस्तक

इंग्रजी वाचणाऱ्या तरुण मुलामुलींत सध्या एका जातीच्या कादंबऱ्यांची चलती आहे. 'डार्क अकॅडेमिया' हे तिचे नाव. जुने दगडी कॉलेज, बाहेर बर्फ, आत मेणबत्तीच्या उजेडात ग्रीक-लॅटिन वाचणारे चार-सहा हुशार विद्यार्थी, अंगात लोकरीचे कोट आणि कुठेतरी एक प्रेत. एवढी सामग्री जमली की झाले. आमच्या पालघर-बोईसरच्या दमट हवेत लोकरीचा कोट घालून कोणी अभ्यासाला बसला, तर त्याचा वेळ घाम पुसण्यातच जायचा! मेणबत्तीचेही तसेच. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आसपासच्या पाड्यांवरची पोरे कंदिलापुढे बसून अभ्यास करत होती. त्या मिणमिणत्या उजेडाचे कौतुक त्यांना नव्हते.

तरीही ही पुस्तके हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. माझी भाची पालघरच्या कॉलेजात शिकते, बोईसरहून लोकलने जाता-येता वाचते. तिने मला डॉना टार्ट या अमेरिकन लेखिकेची 'द सीक्रेट हिस्टरी' आणून दिली. म्हणाली, "मामू, तुमच्या जुन्या ग्रंथांचंच वेड आहे यात. वाचून बघा." १९९२ साली आलेली ही कादंबरी या साऱ्या घराण्याची मूळ कादंबरी मानली जाते.

तिचा निवेदक रिचर्ड हा कॅलिफोर्नियातल्या एका साध्या घरातला मुलगा. बापाचा पेट्रोल पंप. तो दूरच्या एका श्रीमंती कॉलेजात जातो. तिथे ग्रीकचे एक प्राध्यापक मोजकेच विद्यार्थी निवडून घेतात आणि त्यांना इतर वर्गांपासून जवळजवळ तोडून शिकवतात. त्या वर्तुळात शिरायचे म्हणून रिचर्ड बापाचा पेट्रोल पंप लपवतो आणि स्वतःचे एक खोटेच श्रीमंत बालपण रचतो. हा भाग मला सगळ्यात खरा वाटला. 'वडील काय करतात?' या प्रश्नावर क्षणभर घुटमळणारी मुले आपल्याकडे कमी आहेत का? एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराचा मुलगा मुंबईच्या कॉलेजात गेला की पहिल्या आठवड्यातच हे शिकतो.

या ठिकाणी मला 'कोसला' आठवते. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. होस्टेल, मेस, गॅदरिंग, उधळपट्टी, कंटाळा हे सारे आहे. खून नाही. घरी मनी, त्याची धाकटी बहीण, देवीने जाते. पण त्या एका मृत्यूने पुस्तकभर जो काळोख पसरतो, तो पिकवायला तिकडच्या कादंबऱ्यांना दोन-दोन खून लागतात.

हो, 'सीक्रेट हिस्टरी'त खून दोन आहेत. मित्रांनी मित्राला मारले, हे लेखिका पहिल्याच पानांत सांगून टाकते, आणि वाचक त्याचाच विचार करत राहतो. पण त्याआधी एक माणूस मेलेला असतो. प्राचीन ग्रीकांसारखा देहभान हरपण्याचा अनुभव घ्यायचा म्हणून ही मंडळी रात्री रानात जातात आणि त्या उन्मादात तिथला एक शेतकरी मारला जातो. त्याच्यासाठी कादंबरीत फारशी जागा नाही. टार्टबाईंनी हे मुद्दाम केले असावे, असे माझे मत आहे. त्या पोरांच्या लेखी तो माणूस नव्हताच, अडचण होती. पुस्तक मिटल्यावर मला मात्र त्या शेतकऱ्याचेच घर दिसत राहिले.

आपल्याकडे हे प्रत्यक्षात घडून गेले आहे. १९७६-७७ साली पुणे ज्या हत्याकांडाने हादरले, ते करणारे कॉलेजात चित्रकला शिकणारे विद्यार्थी होते. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री ते काशिनाथशास्त्री अभ्यंकरांच्या घरात शिरले. संस्कृत व्याकरणाचा कोश करणारा ऐंशी ओलांडलेला पंडित, त्याची पत्नी, दोन नातवंडे आणि घरकाम करणारी बाई, अशी पाच माणसे गेली. त्यात गूढ काही नव्हते, सुंदर तर नव्हतेच. चौघांना १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली. या प्रकरणावर लिहिताना-बोलताना लोक शास्त्रीबुवांचे नाव घेतात, ते रास्तच आहे. त्या बाईचे नाव किती जणांना आठवते?

म्हणून मग ग्रंथांनाच दोष द्यायचा का? मुळीच नाही. खोट ग्रंथात नाही, दाराला घातलेल्या कडीत आहे. भाची ज्या कॉलेजात जाते, त्याला सोनोपंत दांडेकरांचे नाव आहे. सोनोपंत आपल्याच तालुक्यातल्या केळवे-माहीमचे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले, प्राचार्य झाले, आणि तोच माणूस वारकऱ्यांत उभा राहून कीर्तन करी, ज्ञानेश्वरीची आवृत्ती सिद्ध करी. मला कधीकधी विचारतात, तुम्ही मुसलमान, मराठीत कविता कशा? मी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव सांगतो. सतराव्या शतकात त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. विचारणारा बहुधा विषय बदलतो.

भाचीला मी त्या कादंबरीच्या बदल्यात 'क्राइम अँड पनिशमेंट' दिली. दस्तयेवस्कीची ही कादंबरी १८६६ची. पैशाअभावी शिक्षण सुटलेला रस्कोल्निकोव्ह एक लेख लिहितो: असामान्य माणसाला कायदा ओलांडण्याचा हक्क असतो. मग तो कुऱ्हाडीने सावकारीण म्हातारीला मारतो. तेवढ्यात तिची सावत्र बहीण लिझावेता अचानक घरी येते. ही बहिणीकडे राबणारी, मार खाणारी, कोणाच्या अध्यात नसलेली बाई. तो तिलाही मारतो. नंतर त्याचे त्यालाच नवल वाटते, की आपल्याला लिझावेताची आठवण जवळजवळ येतच नाही!

पुढे तो सोनियाच्या खोलीत जातो. पोट जाळण्यासाठी देह विकावा लागलेली ही मुलगी. तिच्याकडे बायबलचा नवा करार असतो, जुना, चामडी बांधणीचा. तो विचारतो, हा कुठून आला? ती सांगते, लिझावेताने आणून दिला. दोघी मिळून कधीकधी वाचत असत. लाझरस मेलेला उठून बसतो, ती कथा सोनिया त्याच पुस्तकातून त्याला वाचून दाखवते.

सायबेरियात, कैदेत, हेच पुस्तक त्याच्या उशाखाली असते. सोनियाने त्याच्याच सांगण्यावरून आणून दिलेले. शेवटच्या पानावर तो ते हातात घेतो, पण उघडत नाही.