थांबला तो वाचला

(प्रौढांच्या रात्रीच्या वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले भाषण)



दिवसभर राबून तुम्ही रात्री या वर्गाला येता. म्हणून मी लांबण लावणार नाही. आज एकच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आभाळातली आहे, पण तिचा उपयोग जमिनीवरचा आहे.

आपण मुलांना सांगतो, "थांबला तो संपला." मीही शाळेत वर्षानुवर्षे हेच सांगितले. ते खोटे नाही. पण आज मी जरा उलटे सांगायला आलो आहे. कधी कधी थांबतो तोच वाचतो. कसे ते ऐका.

आपल्या डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर एक मोठे घर फिरते आहे. मुंबईहून कोल्हापूर जेवढे लांब, साधारण तेवढे ते उंच आहे. त्याला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक म्हणतात. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपातले काही देश यांनी मिळून ते बांधले. २००० सालच्या नोव्हेंबरपासून तिथे माणसे राहत आली आहेत. नवी तुकडी जाते, जुनी परत येते. घर रिकामे राहत नाही.

हे घर दीड तासात पृथ्वीला एक फेरा घालते. आपला एक दिवस होतो, तोवर तिथे सोळा वेळा सूर्य उगवतो. तिथे माणूस तरंगतो. झोपायचे तर स्वतःला पिशवीत बांधून घ्यावे लागते. पाण्याचा थेंब न् थेंब जपावा लागतो. घाम आणि लघवीसुद्धा यंत्राने शुद्ध करून तेच पाणी पुन्हा प्यायचे. आपण उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. तिथे कुठला टँकर? शिवाय शरीराचा भार पायांवर पडत नाही, म्हणून हाडे आणि स्नायू कमजोर होतात. त्यासाठी रोज दोन तास व्यायाम करावा लागतो.

अशा घरी ५ जून २०२४ रोजी दोघेजण निघाले. एक बुच विल्मोर, दुसऱ्या सुनीता विल्यम्स. सुनीताबाई अमेरिकेच्या. पण त्यांचे वडील मूळचे गुजरातमधल्या झुलासण गावचे. काम साधारण आठ दिवसांचे होते. त्यांचे यान नवे होते. नाव स्टारलाइनर. बोइंग कंपनीने ते बांधले होते. माणसे घेऊन जाण्याची त्याची ही पहिलीच खेप.

स्थानकाजवळ जाताना यानात बिघाड दिसला. यान वळवायला आणि सावरायला त्याला लहान लहान इंजिने असतात. त्यांतली पाच बंद पडली. चार पुन्हा चालू झाली, एक झालेच नाही. इंधन पुढे ढकलणारा हेलियम नावाचा वायूही गळत होता. तरी दोघे स्थानकात सुखरूप पोचले. आता प्रश्न पडला, याच यानातून त्यांना परत आणायचे की नाही?

जमिनीवरचे इंजिनियर कामाला लागले. तशीच इंजिने जमिनीवर पेटवून पाहिली. काहीजण म्हणाले, आणता येईल. काहीजण म्हणाले, खात्री नाही. आठवडे गेले. जग हसू लागले. वर्तमानपत्रांत आले, "दोघे अडकले." कंपनीची लाज होती, पैशांचा प्रश्न होता. शेवटी २४ ऑगस्टला अमेरिकेच्या नासा या संस्थेने निर्णय दिला. यान रिकामे परत येईल. माणसे दुसऱ्या यानातून येतील.

दुसरे यान सप्टेंबरअखेर गेले. त्यात चार जागा होत्या. दोनच माणसे पाठवली आणि दोन जागा या दोघांसाठी मोकळ्या ठेवल्या. पण हे यान लगेच परतणार नव्हते. पुढची तुकडी येईपर्यंत सर्वांनी वर राहायचे होते. सुनीताबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी स्थानकाची सगळी जबाबदारी घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दोन वेळा बाहेरच्या पोकळीत जाऊन काम केले. १८ मार्च २०२५ रोजी त्यांचे यान फ्लोरिडाजवळ समुद्रात उतरले. आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची पहाट होती. आठ दिवसांचे २८६ दिवस झाले होते. झुलासणला लोकांनी फटाके वाजवले.

आता तुमच्यातला एखादा हुशार गडी विचारील, "गुरुजी, त्या रिकाम्या यानाचे काय झाले?" ते सप्टेंबरातच सुखरूप जमिनीवर उतरले. मग तो म्हणेल, "म्हणजे ही सगळी वाट फुकटच पाहिली!"

नाही, बाबांनो. भरल्या नदीतून एखादी बैलगाडी पार झाली, म्हणून ती घालणे शहाणपणाचे ठरत नाही. निर्णय घेताना जे ठाऊक असते, त्यावरच तो घ्यायचा असतो. त्या दिवशी खात्री कोणालाच नव्हती. पणाला दोन जीव होते.

न थांबल्याने काय होते, हेही जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६. अमेरिकेत कडाक्याची थंडी होती. चॅलेंजर नावाचे यान उडायचे होते. आधीच बरेच दिवस उशीर झाला होता. अग्निबाणाच्या सांध्यांत रबराची कडी बसवलेली होती. थंडीत रबर कडक होते आणि फट नीट बुजत नाही. आदल्या रात्री इंजिनियरांनी हे सांगितले. "एवढ्या थंडीत उडवू नका," असे ते म्हणाले. वरच्यांनी ऐकले नाही. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान आकाशात मोडून पडले. सातही जण गेले.

त्या सातांत ख्रिस्टा मॅकऑलिफ नावाच्या एक शिक्षिका होत्या. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांमधून त्यांची निवड झाली होती. त्या अंतराळातून मुलांना धडा शिकवणार होत्या. शाळाशाळांत मुले दूरदर्शनसमोर बसली होती. मी स्वतः मास्तर. ही गोष्ट सांगताना आजही माझा घसा दाटतो.

पुढे २००३ मध्ये आपल्या कर्नालची कल्पना चावला कोलंबिया यानात गेली. उडतानाच फेसाचा एक तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. पंखाचे फोटो मिळवावेत, असे काही इंजिनियर म्हणत होते. ते मिळवले गेले नाहीत. १ फेब्रुवारीला परत येताना यान फुटले. पुन्हा सात जीव गेले.

हे सारे आपल्या माणसांनी ध्यानात ठेवले. लखनौचे शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये याच स्थानकावर निघाले. १९८४ साली राकेश शर्मा गेले होते. त्यांच्यानंतर अंतराळात जाणारे हे दुसरे भारतीय. शुक्ला यांचे उड्डाण मे महिन्यात ठरले होते. मग तारखांमागून तारखा गेल्या. कधी हवा वाईट. मग अग्निबाणातून प्राणवायू गळताना सापडला. आपल्या इस्रोचे लोक तिथे हजर होते. गळती पूर्ण बंद झाल्याशिवाय उडायचे नाही, असा त्यांनी आग्रह धरला. दुरुस्ती झाली. २५ जूनला यान उडाले. शुक्ला यांनी तिथे मूग आणि मेथीचे बी रुजवून पाहिले आणि १५ जुलैला ते सुखरूप परतले. आता भारत स्वतःचे गगनयान बांधतो आहे. माणूस बसवण्याआधी ते रिकामे उडवून पाहायचे, असा क्रम ठरवला आहे.

शेवटी माझीच एक चूक सांगतो. तरुणपणी मी मुलांना जीपमधून खेळांच्या सामन्यांना नेत होतो. निघताना ड्रायव्हर म्हणाला, "गुरुजी, ब्रेक बरोबर लागत नाही. तासभर द्या." मी त्याच्यावर ओरडलो, "उशीर होतोय! तू मला शिकवतोस?" तो गरीब माणूस, पण जागचा हलला नाही. चावी खिशात घालून गाडीखाली शिरला. आम्ही उशिरा पोचलो. आमचा पहिला सामना बुडाला. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. पुढे घाट उतरताना मला त्याची आठवण येई आणि मान खाली जाई. त्या दिवशी गाडीत बावीस मुले होती. त्या माणसाची मी कधी माफी मागितली नाही. आज तुमच्यासमोर मागतो.

तर मंडळी, एवढेच लक्षात ठेवा. आळसाने थांबणे वेगळे आणि दोष दिसला म्हणून थांबणे वेगळे. विहिरीचा दोर विरला असेल, मोटारीची वायर उघडी पडली असेल, तर आधी थांबा. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर काय छापले आहे, ते आता तुम्हाला वाचता येते. आधी वाचा, मग झाकण उघडा. आणि एखादा गडी, एखादी सून, एखादे पोर म्हणाले, "थांबा, इथे काहीतरी चुकतेय," तर त्याच्यावर ओरडू नका. त्याचे ऐकून घ्या. जो थांबा म्हणतो, तो लहान आहे की मोठा, हे पाहू नका. तो काय दाखवतो आहे, ते पाहा.

आठ दिवसांचे नऊ महिने झाले. पण सुनीताबाई घरी आल्या. उशीर भरून निघतो. गेलेला माणूस परत येत नाही.