वीस भिक्षूंच्या पावसाळ्याची सोय



नाशिकच्या या अंबडमधून मान वर केली की पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. मुलांनो, सहलीला तुम्ही तिथे गेलाच असाल. पुढच्या वेळी दहाव्या लेण्यात थोडा वेळ थांबा. तिथे भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक हिशेब कोरलेला आहे.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापण ठेवले. ही नाणी त्याने भिक्षूंच्या हातात दिली नाहीत. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ती ठेव म्हणून ठेवली. गंगापूरजवळचे गोवर्धन तुम्हाला माहीत आहे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्या २००० च्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मनातल्या मनात गणित करा. महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस जणांना बारा-बारा. चोख जुळते.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहणे. एरवी भिक्षू सतत फिरतीवर असत. पावसात चालताना कोवळे अंकुर आणि किडेमुंग्या पायाखाली येतात, म्हणून त्यांनी थांबायचे. थांबले की ध्यान, अभ्यास, चर्चा यांना सलग वेळ मिळे. आजही आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडच्या विहारांमध्ये बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. घराघरांत चातुर्मासाचे नेम असतात. ठरावीक ऋतूत एखादी गोष्ट बाजूला ठेवायची, ही आपली जुनी सवय आहे.

मला त्या शिलालेखात सगळ्यात मोलाची वाटते ती व्यवस्था. वीस माणसे तीन महिने थांबणार, तर त्यांच्या अंगावरच्या कपड्यांची सोय कुणीतरी आधी करून ठेवली. विणकर वर्षभर माग चालवत, तेव्हा डोंगरावर शांतता नांदे. आणि आपण मुलांना काय सांगतो? ‘मोबाइल ठेव.’ तो ठेवल्यावर मुलाने जायचे कुठे, करायचे काय, भेटायचे कुणाला, याची काहीच तजवीज आपण केलेली नसते. मग तासाभराने मूल पुन्हा पडद्यापाशी येते आणि आपण त्याच्या निश्चयाला नावे ठेवतो. हा मुलांवर अन्याय आहे.

पडद्याशी माझे वैर नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. तुमच्यातही उद्याचा एखादा फाळके बसलेला असेल, आणि त्याला तर जग स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी मोकळा वेळ हवाच.

सोय केली की काय होते, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवले. करोनाच्या काळात वर्ग मोबाइलवर भरले. शाळा उघडली तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ग्रामसभेत हा विषय आला आणि ठरले: संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल, टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजेल, मग सुरू. दीड तास सगळ्या गावाचा. सुरुवातीला लोक हसले. मग घरोघरी जाऊन समजावणे झाले. शेजारच्या घरातला टीव्हीही बंद आहे म्हटल्यावर एकट्याने काही गमावल्यासारखे वाटत नाही, ही त्या भोंग्याची खरी ताकद.

अंबडला सातचा भोंगा चालणार नाही, हे मी जाणतो. इथे कुणाचे बाबा कारखान्यात सेकंड शिफ्टला असतात, कुणाची आई फर्स्ट शिफ्ट करून येऊन स्वयंपाकाला लागते, कुणाच्या घरी नाइट शिफ्टचा माणूस दुपारी झोपलेला असतो आणि मुलांना गप्प बसवायला मोबाइलच दिला जातो. त्या आईला मी दोष देणार नाही. एका खोलीच्या घरात ती दुसरे काय करील? म्हणून पडदे बंद ठेवण्याची वेळ ज्या त्या घराने आपापल्या शिफ्टप्रमाणे ठरवावी. पण ऋतू सगळ्यांचा एक असू द्या: मे महिना. आणि पालकहो, त्या वेळात तुमचाही फोन कपाटात राहू द्या. बाबांच्या हातात फोन दिसला की मुलाचा नेम तिथेच मोडतो.

मुलांनो, त्या महिन्यात कंटाळा येईल. पहिले काही दिवस फारच येईल. येऊ द्या. हात चाळा शोधतील, कुणी चित्र काढील, कुणी सायकल उघडून बसेल, कुणी आजीला तिच्या गावाबद्दल विचारील.

आता विनंती शाळेच्या संस्थेला. मे महिन्यात रोज संध्याकाळी मैदान आणि ग्रंथालय खुले ठेवा. ज्या मुलांच्या घरी दुपारी कुणी झोपलेले असते, त्यांच्यासाठी एक वर्ग दुपारीही उघडा. मुलांवर लक्ष ठेवायला माणूस लागेल, दिवे-पंख्यांचे बिल येईल. या पहिल्या मे महिन्याचा तो खर्च मी देतो. पुढच्या वर्षांसाठी माजी विद्यार्थी आणि इथले कारखानदार यांनी मिळून एक ठेव उभी करावी. मुद्दलाला हात न लावता व्याजावर हे चालावे. मुख्याध्यापक सर, कार्यक्रम संपल्यावर आपण दहा मिनिटे बसू आणि खर्चाचा आकडा काढू.