इंदूरचे खत आणि इंदूरचा प्रकाश : स्वागताध्यक्षीय भाषण

क्ष-किरणांच्या मोठ्या प्रकाशस्रोतांवर काम करू पाहणाऱ्या तरुण वैज्ञानिकांना कसे घडवावे, या प्रश्नाचा मराठीतून विचार करण्यासाठी पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, गोवा, बडोदे आणि ग्वाल्हेर अशा ठिकाणांहून आलेल्या सर्व प्रतिनिधींचे, परिषदेच्या विद्वान अध्यक्षांचे, व्याख्यात्यांचे आणि विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन आलेल्या महाविद्यालयीन शिक्षकांचे इंदूरच्या नागरिकांच्या वतीने स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. समितीतील बहुतेक सदस्यांचे आयुष्य व्यापारात, वकिलीत, वैद्यकीत आणि शिक्षणसंस्थांच्या कारभारात गेले असल्याने परिषदेच्या विषयात शिरण्याचा अधिकार समिती स्वतःकडे घेत नाही. परंतु देशातील इंडस-1 आणि इंडस-2 ही दोन्ही सिंक्रोट्रॉन यंत्रे ज्या शहराजवळ उभी आहेत, त्या शहराकडे या परिषदेचे यजमानपद यावे, ही समितीला हक्काची आणि म्हणूनच अधिक आनंदाची गोष्ट वाटते.

इंदूरची ओळख करून देताना पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे स्मरण प्रथम होते, जरी त्यांची राजधानी महेश्वर होती आणि होळकरांची गादी इंदुरास स्थिरावली ती महिदपूरच्या लढाईनंतर झालेल्या 1818 च्या मंदसौरच्या तहापासून. शहराच्या मध्यभागी उभा असलेला सात मजली राजवाडा, ज्याचे खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, आजवर तीनदा आगीत सापडला आणि तरीही शहराने तो सोडून दिला नाही. यांपैकी शेवटची आग 1984 सालच्या अखेरीची. त्याच वर्षाच्या 19 फेब्रुवारीस होळकरांच्या सुखनिवास महालाच्या परिसरात तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली होती. दुसऱ्या तुकोजीरावांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, शिवाजीरावांच्या काळात 1891 साली होळकर महाविद्यालय निघाले, आणि मराठी साहित्य संमेलन 1917, 1935 व 2001 असे तीन वेळा या शहराने आपल्या अंगणात भरवले. ज्या इंदुरात लता मंगेशकरांचा जन्म झाला, जेथे उस्ताद अमीर खाँ यांच्या गायकीची घडण झाली, जेथे दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांच्या चित्रशाळेत नारायण श्रीधर बेंद्रे यांनी हातात कुंचला धरला, आणि ज्याच्या होळकर संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्या इंदूरबद्दल बोलताना कोठे थांबावे हा समितीपुढील खरा प्रश्न आहे.

देशातील सर्वांत स्वच्छ शहर हा बहुमान इंदूरला 2017 पासून सलग अनेक वर्षे मिळाला, हे प्रतिनिधींना ठाऊकच असेल. त्यामागे शंभर वर्षांपूर्वीची एक पूर्वपीठिका आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने शहराचा आराखडा करण्यासाठी बोलावले, तेव्हा प्लेगने लोक हवालदिल झालेले होते. गेडिस यांनी दिवाळीची एक भव्य मिरवणूक ठरवली आणि ज्या मोहल्ल्यांतील घरे व रस्ते सर्वाधिक स्वच्छ असतील त्यांतूनच ती जाईल असे जाहीर केले, त्यामुळे घरोघर सफाई आणि रंगरंगोटी सुरू झाली. त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली प्रसिद्ध झाला. त्यात नद्या, गल्ल्या आणि बागा यांच्याबरोबर मध्य भारतासाठी एका विद्यापीठाचीही कल्पना मांडलेली आहे. ते विद्यापीठ प्रत्यक्षात यायला 1964 साल उजाडले, आणि आज ते देवी अहिल्या विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते.

तथापि स्वागत समितीला ज्या संस्थेविषयी सर्वाधिक ममत्व आहे ती संस्था याहून वेगळी. 1924 साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे 300 एकर जमिनीवर वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. कापसाच्या पिकाचा सर्व अंगांनी अभ्यास करणे हा तिचा मूळ हेतू होता, आणि तिच्या खर्चाचा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने मिळून उचलीत. सर अल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक, आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड, ज्या स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, त्यांच्या सहकारी. हॉवर्ड यांचा आग्रह असा होता की जमीन, पाणी, बैल, खत आणि वाण यांचा अभ्यास वेगवेगळ्या खोल्यांत बसून करणे व्यर्थ आहे, कारण शेतकऱ्याच्या शेतात या गोष्टी वेगवेगळ्या नसतात. या विचारातून जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध पावलेली कंपोस्ट खताची रीत सिद्ध झाली. सुमारे 30 फूट लांब आणि 14 फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यावेत, ओल राखावी, ठरावीक काळाने तीन वेळा ढीग उलटावा, म्हणजे आतील जिवाणूंना हवा मिळून सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते, अशी ही रीत आहे. तिला स्वतःचे नाव न देता हॉवर्ड यांनी जेथे काम करायला मोकळीक मिळाली त्या राज्याचे नाव दिले, याबद्दल हे शहर त्यांचे कायमचे ऋणी आहे.

या कामात हॉवर्ड यांच्या जोडीला एक मराठी नाव आहे, आणि ते या सभागृहात मोठ्याने उच्चारले जावे अशी समितीची इच्छा आहे. यशवंत वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे मुख्य सहायक होते. 1931 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या, शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस म्हणजे जमिनीतील कुजलेला सेंद्रिय अंश कसा तयार करावा हे सांगणाऱ्या मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्यासह लेखक म्हणून वाड यांचेही नाव छापलेले आहे. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगताना हॉवर्ड यांचा गौरव सर्वत्र होतो आणि तो योग्यच आहे. परंतु कुजणाऱ्या ढिगातील कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण पाहणे, ओल आणि उष्णता नोंदवणे, हे रसायनशास्त्राचे अंग ज्यांच्या विभागाचे होते त्यांचा उल्लेख इंदुरातही क्वचितच कानी पडतो, आणि हे समितीला बोचते. 1935 साली हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी ही संस्था पाहिली, आणि पुढे ‘हरिजन’ साप्ताहिकातून या खताची माहिती दूरवर पोहोचली. संस्थेचे महत्त्व केवळ शोधात नव्हते, तर शोध शिकवण्यात होते. निरनिराळ्या संस्थानांतून माणसे येथे येत, खड्ड्याशी उभे राहून काम करीत आणि ती रीत आपापल्या मुलखात घेऊन जात.

या परिषदेच्या विषयाशी याचा संबंध कोणता, असे विचारले जाऊ शकेल. संबंध इतकाच की इंदुरात मोठे साधन आले तेव्हा ते कसे वापरावे हे शिकवण्याची सोयही त्याच आवारात झाली, आणि सुखनिवासच्या परिसरातही तेच घडले आहे. तेथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राला 2005 च्या डिसेंबरमध्ये डॉ. राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले, आणि त्याचे पहिले संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर होते. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या साहाय्याने वर्तुळाकार मार्गात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरत ठेवणारे यंत्र. भिजलेल्या रस्त्यावरून धावणाऱ्या सायकलच्या चाकावरून पाणी जसे स्पर्शरेषेच्या दिशेने उडते, तसा प्रत्येक वळणावर या इलेक्ट्रॉनांपासून प्रखर प्रकाश बाहेर पडतो, ज्यात दृश्य प्रकाशापासून क्ष-किरणांपर्यंत सर्व काही असते. हा प्रकाश प्रथम 1947 साली अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रात डोळ्यांना दिसला. विल्हेल्म रंटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरण शोधल्याला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते. इंदूरच्या यंत्रमालेत मायक्रोट्रॉन हे यंत्र इलेक्ट्रॉनांना 2 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा देते, बूस्टर ती पुढे वाढवतो, आणि नंतर त्यांची झुंड साठवण-वलयात सोडली जाते. त्यांतील इंडस-1 हे 45 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे लहान वलय 1999 मध्ये सुरू झाले, तर 172.5 मीटर परिघाच्या, 250 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इंडस-2 मधून 2005 मध्ये पहिला प्रकाश मिळाला. या मोठ्या वलयात इलेक्ट्रॉन एका सेकंदात 17 लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. वलयापासून प्रयोगाच्या खोलीपर्यंत प्रकाश नेणाऱ्या, आरसे आणि स्फटिक बसवलेल्या निर्वात मार्गाला बीमलाइन म्हणतात. अशाच एका बीमलाइनवर क्ष-किरणांचा अतिसूक्ष्म ठिपका नमुन्यावर पाडून, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे जे क्ष-किरण उलट सोडते ते टिपून, धान्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेमके कोठे साठले आहे हे पाहता येते. यशवंत वाड यांना हे साधन लाभते तर त्यांनी पहिला नमुना कशाचा आणला असता, हे सांगण्याची गरज नाही.

यंत्र उभे राहिले म्हणजे काम झाले असे नसते, हे परिषदेला समितीने सांगायचे नाही. पण बाहेरून पाहणाऱ्या नागरिकाला एक गोष्ट ठळक दिसते, ती अशी की अशा यंत्रावर वापराची वेळ, जिला बीम टाइम म्हणतात, प्रस्ताव पाठवून आणि तो तज्ज्ञांकडून तपासला जाऊन मिळते, आणि ती मोजक्या दिवसांची असते. नमुना कसा तयार करावा, किरणोत्सारापासून सुरक्षा कशी राखावी, रात्रपाळीत यंत्र थांबले तर काय करावे, आणि परत गेल्यावर आकड्यांच्या राशीतून अणूंची रचना कशी वाचावी, हे ज्याला आधी कोणी शिकवलेले नाही त्याची ती वेळ वाया जाते. फ्रान्समधील ग्रनोबल येथे 1991 पासून चालणारा हर्क्युलीस अभ्यासक्रम, जपानमधील स्प्रिंग-8 येथील चेरॉन शाळा, आणि जॉर्डनमधील सेसामी प्रकाशस्रोत, जेथे 2017 च्या उद्घाटनाच्या कितीतरी आधीपासून त्या प्रदेशातील तरुणांना परदेशी यंत्रांवर पाठवून तयार केले गेले, ही उदाहरणे परिषदेच्या चर्चेत येतीलच. राजा रामण्णा केंद्रात 2000 सालापासून भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा चालते, आणि खंडवा मार्गावरील विद्यापीठ परिसरातील वैज्ञानिक संशोधन समूह देशभरातील विद्यापीठांच्या संशोधकांना या यंत्रांपर्यंत आणतो. समितीची एकच विनंती आहे की ही वाट तालुक्याच्या गावातील महाविद्यालयापर्यंत जावी, आणि तेथील विद्यार्थ्याला पहिली माहिती त्याच्या भाषेत मिळावी.

आता व्यवस्थेतील उणिवांविषयी. लग्नसराईचे दिवस असल्याने सर्व प्रतिनिधींची सोय एकाच ठिकाणी होऊ शकली नाही, आणि काहींना सभागृहापासून दूरच्या धर्मशाळेत उतरावे लागले, याबद्दल समिती क्षमा मागते. ज्येष्ठ प्रतिनिधींना जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावरील खोल्या राखून ठेवण्याचा प्रयत्न केला, तरी तो सर्वांच्या बाबतीत साधला नाही. वीज गेल्यास जनित्राची तजवीज आहे, परंतु ते सुरू होईपर्यंत पडद्यावरील चित्रे थांबतील, त्याबद्दल व्याख्यात्यांनी कृपया राग मानू नये. सकाळच्या पोह्यांत तिखट, शेव आणि बडीशेप असते, बरोबर जिलबी असते, आणि हा बेत सर्वांना रुचेलच असे नाही, म्हणून साध्या उपम्याचीही व्यवस्था आहे. भुट्ट्याचा कीस मात्र प्रत्येकाने चाखावा असा आग्रह आहे. रात्री सराफ्यात खाद्यपदार्थांची दुकाने पाहायला जाणाऱ्यांनी स्वयंसेवक बरोबर घ्यावा, कारण तेथील गर्दीत नवख्या माणसाची चुकामूक होते.

ज्यांच्या बळावर हे सर्व जुळून आले त्यांचे ऋण मोठे आहे. सभागृह विनामूल्य देणारी शिक्षणसंस्था, तिन्ही दिवसांच्या न्याहारीचा भार उचलणारे सराफ्यातील व्यापारी, प्रतिनिधींच्या कापडी पिशव्या शिवून देणारे महिला मंडळ, औषधांची पेटी आणि स्वतःचा वेळ देणारे डॉक्टर, छपाईचे बिल न लावणारे मुद्रक, आपल्या निवृत्तिवेतनातून विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चासाठी रक्कम देऊन नाव प्रसिद्ध न करण्याची अट घालणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, आपल्या घरांतील खोल्या रिकाम्या करून पाहुण्यांना देणारी मराठी, माळवी, गुजराती आणि सिंधी कुटुंबे, पाण्याची आणि सफाईची चोख व्यवस्था ठेवणारे महापालिकेचे कर्मचारी, आणि पहाटेपासून रेल्वे स्थानकावर फलक घेऊन उभे राहिलेले होळकर विज्ञान महाविद्यालयातील विद्यार्थी, या सर्वांचे समिती आभार मानते. यांपैकी कोणाचे नाव अनवधानाने राहिले असल्यास ते स्मरणिकेच्या पुरवणीत छापले जाईल.

सुखनिवास परिसरातील इंडस-2 पाहण्यासाठी उद्या सकाळी निघणाऱ्या बसगाड्यांत बसताना प्रत्येक प्रतिनिधीने सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण प्रवेशद्वाराशी त्याची तपासणी होते. सर्व पाहुण्यांचे पुनश्च स्वागत करून, परिषदेच्या अध्यक्षांनी आसन स्वीकारावे आणि कामकाजास प्रारंभ करावा, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.