ऑनलाइन वर्गातील पाहुणा वक्ता आणि यजमान शिक्षक

ऑनलाइन वर्गात पाहुणा वक्ता बोलावण्याचा, म्हणजे विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीला एका तासापुरते विद्यार्थ्यांसमोर आणण्याचा प्रघात आता रुळला असला, तरी त्या तासाचे यश वक्त्याच्या विद्वत्तेपेक्षा यजमान शिक्षकाच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत वाढलेल्या मराठी श्रोत्याला प्रास्ताविक, परिचय, व्याख्यान आणि आभार हा क्रम अंगवळणी पडलेला आहे. परंतु सभागृहातील चुळबूळ किंवा डोलणाऱ्या माना पाहून वक्ता जसा विषय आटोपता घेतो वा खुलवतो, तसे बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकटींसमोर बोलणाऱ्याला करता येत नाही.

हैदराबादला दूरशिक्षणाचा अनुभव जुना आहे. मुक्त विद्यापीठ, म्हणजे प्रवेशाच्या अटी शिथिल ठेवून घरबसल्या शिकू देणारी संस्था, देशात प्रथम 1982 साली याच शहरात स्थापन झाली आणि आज ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने ओळखली जाते. छापील पाठ आणि आकाशवाणी यांतून ज्ञान एकाच दिशेने जात असल्यामुळे शंकांसाठी अभ्यासकेंद्रांची सोय करावी लागते; ऑनलाइन वर्गात पाठ आणि शंका एकाच पडद्यावर येतात, आणि तरीही पाहुण्याला तासभर एकटेच बोलू देणे म्हणजे हाती आलेली सोय वाया घालवणे होय.

हैदराबाद संस्थानातील शिक्षणाच्या इतिहासाचा वर्ग घेतला, तर 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठावर बोलायला अभ्यासक येणार असताना विद्यार्थ्यांनी आधी काही वाचले नसेल, तर "उस्मानियाविषयी काही सांगा" यापलीकडे प्रश्न जात नाही. विद्यापीठासाठी पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणणाऱ्या भाषांतर विभागाची माहिती चार दिवस आधी वाचायला दिली, की प्रश्न नेमका होतो: घरी मराठी किंवा तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्याने विज्ञानाची ती नवी उर्दू परिभाषा कशी पचवली असेल? अशा प्रश्नाने अभ्यासकही खुलतो, कारण त्याचे उत्तर तयार टिपणात नसते. हे प्रश्न आदल्या दिवशी वक्त्याकडे पोचवणे, वीस मिनिटांच्या निवेदनानंतर संवाद सुरू करणे आणि चॅटमध्ये आलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या नावानिशी मोठ्याने वाचून दाखवणे, ही यजमानाची खरी कामे आहेत. परिचय चार वाक्यांत आटोपला तरी चालतो.

आवाजाची चाचणी वर्ग भरण्यापूर्वीच उरकावी. ध्वनिचित्रमुद्रणाला वक्त्याची संमती आधी घ्यावी, कारण काही अनुभव केवळ वर्गापुरतेच सांगितले जातात, आणि अनुत्तरित राहिलेले प्रश्न वक्त्याकडे पाठवून त्यांची उत्तरे पुढच्या तासाच्या आरंभी विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत.