शस्त्रक्रियेनंतरचे हृदय



जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रिया पार पडली, मूल हिंडूफिरू लागले, की आजार संपला असे घरच्यांस वाटते. ही समजूत पूर्णपणे खरी नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जळगाव, धुळे जिल्ह्यांतही अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. मात्र हा कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतचा. आणि काही गुंतागुंती नेमक्या त्यानंतर डोके वर काढतात.

मूल निळे पडणाऱ्या ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ या दोषाचेच पाहा. १९५४ साली अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी त्याची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली. या शस्त्रक्रियेत फुप्फुसांकडे रक्त नेणारी अरुंद वाट रुंद करावी लागते. त्यामुळे तेथील झडप पुष्कळदा नीट मिटत नाही आणि प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त मागे परतते. हृदयाचा उजवा कप्पा हा भार वर्षानुवर्षे निमूटपणे सोसतो व फुगत जातो. तरुण शेतात राबतो, केळीचे घड वाहतो. तक्रार काहीच नसते. धाप लागू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

इको तपासणी सोपी व आवश्यकच. परंतु छातीच्या हाडामागे दडलेला हा वेडावाकडा कप्पा तिच्यात पुरता दिसत नाही. एमआरआय चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींच्या साहाय्याने, क्ष-किरणांवाचून, धडधडत्या हृदयाचे कापामागून काप टिपतो. कप्प्यात किती रक्त मावते, किती मागे वळते, हे त्यातून आकड्यांत कळते. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे हे आकारमान १६० मिलिलिटरच्या आसपास पोहोचले, की तज्ज्ञ नव्या झडपेचा विचार करू लागतात. फार फुगलेला कप्पा झडप बदलूनही पूर्ववत होईलच असे नाही.

तपासणीस सुमारे तासभर लागतो व अधूनमधून श्वास रोखावा लागतो. छातीचे हाड बांधणाऱ्या तारांची सहसा अडचण नसते. पेसमेकर असल्यास मात्र आधी सांगितलेच पाहिजे. केवळ यंत्र असून भागत नाही, असे दोष जाणणारा तज्ज्ञही लागतो. सबब रावेर वा शिरपूरकडील रुग्णांनी प्रथम जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, शस्त्रक्रियेची कागदपत्रे घेऊन, पुढील तपासणीविषयी विचारणा करावी.

मुलींच्या बाबतीत तर लग्न जमविताना छातीवरील व्रण लपविला जातो. गर्भारपणी शरीरातील रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते. तो भार हृदयास पेलेल किंवा नाही, याची तपासणी त्याआधीच व्हावयास हवी.