पऱ्हाटीचा भाव आणि हिवाळ्याची चूल
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणं झालं, ज्वारीवर झालं. आता अर्धा तास आम्ही चुलीवर बोलणार आहोत. काही जण म्हणतील, चूल हा बायकांचा विषय आहे, बैठकीत कशाला? घरात सरपण येतं कुठून, त्याला दाम लागतो की घाम, आणि त्या बदल्यात शेतातून काय जातं, हा सगळा शेतीच्याच उत्पादन खर्चाचा भाग आहे. वहीत तो मांडला जात नाही, एवढंच.

आमचं शिक्षण शेतकीचं. कॉलेजात आम्हाला कापसाच्या रुईचा उतारा शिकवला, सरकीतलं तेल शिकवलं, धाग्याची लांबी शिकवली. पऱ्हाटीबद्दल एकच ओळ होती: उपटा आणि जाळून टाका. नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव आम्ही तेच सांगत फिरलो. एका गावात एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "साहेब, तुमचं ऐकून पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली, तर पोरांच्या आंघोळीचं पाणी कशावर तापवू? तुमच्या कागदावर?" आमच्यापाशी उत्तर नव्हतं. आजचं भाषण म्हणजे त्या म्हातारीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आपल्याकडे काय थंडी पडते, असं मुंबईवाले म्हणतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा साडेतीन अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत घरोघरी दोन खर्च वाढतात. एक आंघोळीच्या पाण्याचा, दुसरा शेकोटीचा. स्वयंपाकाचं सरपण तर बारमाही लागतंच.

आता हिशोब करू. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जी उष्णता लागते तिला एक उष्मांक म्हणू. म्हणजे १०० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला १००० उष्मांक. सरपण घेताना आपण मण पाहतो, क्विंटल पाहतो. खरं पाहायचं ते हे, की भांड्यातल्या पाण्यात १००० उष्मांक उतरवायला किती रुपये पडले. हा उष्णतेचा भाव.

वाळलेलं लाकूड किंवा वाळलेली पऱ्हाटी घ्या. किलोला साधारण साडेतीन हजार उष्मांक धरा. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातले शंभरातले दहा-बाराच भांड्याला लागतात, बाकी वाऱ्यावर आणि मायबहिणींच्या डोळ्यांत जातात. म्हणजे किलोमागे पदरात पडले ४२०. लाकूड ६ रुपये किलोने विकत घेतलं, तर १००० उष्मांक पडले १४ रुपयांच्या वर.

आता गॅस. किलोला १०,८०० उष्मांक, आणि शेगडीवर त्यातले शंभरातले साठ तरी कामी येतात. टाकी १४.२ किलोची. २०२५ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत अनुदानाशिवाय ती ८५३ रुपयांची झाली. ८५० धरा. १००० उष्मांकांना सव्वानऊ रुपये. उज्ज्वलाच्या टाकीवर २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३०० रुपये अनुदान ठरलं. ते खात्यात आलं, तर भाव सहा रुपयांवर येतो. त्या टाक्यांना वर्षाची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवा.

वीज. एका युनिटात ८६० उष्मांक. पाण्यात रॉड बुडवला तर त्यातले नव्वद टक्के तरी पाण्यात उतरतात. म्हणजे एका युनिटला ७७० च्या आसपास. युनिट सात रुपयांनी पडत असेल तर भाव नऊ रुपये, दहाने पडत असेल तर तेरा. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, तेव्हा हिवाळ्यातलं बिल समोर घेऊन बसा.

यातून काय निघालं? विकत घेतलेलं लाकूड उघड्या चुलीत जाळणं हे गॅसपेक्षा महाग आहे. क्विंटलला चारशे रुपयांच्या वर लाकूड घेतलं की अनुदानाविनाची टाकी स्वस्त. उज्ज्वलाचं अनुदान मिळत असेल तर अडीचशेच्या वरच टाकी स्वस्त. गरिबाचं सरपण स्वस्त, हा समज गरिबानेच मोडायला पाहिजे.

कोणी म्हणेल, आम्ही लाकूड विकत घेत नाही, घरच्या बाया रानातून फुकट आणतात. भावांनो, फुकट हा शब्द जरा तपासू. वीस किलोची मोळी आणायला अर्धा दिवस जातो. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. अर्ध्या दिवसाचे झाले १४८. किलोला सात रुपये चाळीस पैसे. उघड्या चुलीत १००० उष्मांक पडले साडेसतरा रुपयांना! घरात येणारी सगळ्यात महाग उष्णता ही फुकटची मोळी आहे. तिचं बिल बाईच्या मानेवर आणि कमरेवर लिहिलेलं असतं. कापसाच्या उत्पादन खर्चात घरच्या माणसाची मजुरी धरा, असं आपण सरकारला सांगतो. मग घरातल्या बाईची मजुरी आपण कुठे धरतो?

आता आपल्या हक्काचं सरपण, पऱ्हाटी. हेक्टरी तीन टन पऱ्हाटी निघते असा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे एकरी बारा क्विंटल. कोरडवाहूला आपण आठच धरू. पाच एकर कापूसवाल्याच्या घरी चाळीस क्विंटल. हिवाळ्याचे शंभर दिवस, पाच माणसांचं घर, रोज पाच-सहा किलो आंघोळीच्या पाण्याला आणि तेवढंच स्वयंपाकाला धरलं, तरी दहा-बारा क्विंटलात भागतं. बाकी उरते. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता आपल्याकडच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशाच्या तोडीची आहे. नागपुरात सिरकॉट या केंद्रीय संस्थेने पऱ्हाटीच्या विटा आणि कांड्या बनवण्यावर काम केलं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के शेतकचऱ्याच्या कांड्या मिसळायला सांगणारं धोरण काढलं. म्हणजे पऱ्हाटीला गिऱ्हाईक आहे. आणि आपण काय करतो? शेत साफ करून देतो म्हणणाऱ्याला ती तशीच देऊन टाकतो, वर त्याला चहा पाजतो. यापुढे पऱ्हाटी द्यायची तर वजन करून आणि भाव ठरवून द्या. कोळशाचा भाव विचारा, त्यातून वाहतूक आणि कुट्टीचा खर्च वजा करा, आणि मग बोलणीला बसा.

पण पऱ्हाटीत एक चोर लपलेला आहे. गुलाबी बोंडअळी. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने काय केलं ते या मंडपात कोणाला सांगायला नको. बीटी बियाणं असून बोंडं आतून पोखरली गेली. ही अळी उन्हाळा काढते कुठे? पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत, सरकीच्या आत झोपून. पाऊस आला की पतंग होऊन बाहेर पडते आणि नव्या फुलांवर जाते. अंगणातली गंजी हे तिचं घर असतं. म्हणून शास्त्रज्ञ सांगतात, फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, पऱ्हाटीच्या गंज्या गावात ठेवू नका.

इथे आपली अडचण होते. पऱ्हाटी उपटली जाते जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हा थंडी सरत आलेली असते. पुढच्या थंडीसाठी ठेवायची तर मधे उन्हाळा आणि पावसाळा येतो. गंजी ठेवली तर अळी वाचते, जाळली तर चूल थंड. त्या म्हातारीचा प्रश्न हाच होता.

उत्तर असं की अळी बोंडात राहते, लाकडात नाही. म्हणून पऱ्हाटी आहे तशी रचू नका. आधी शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, हिरवी बोंडं आणि पाला त्या खातील. मग उपटा. खालचा हात-दीड हात जाड बुंधा तोडून वेगळा करा. हेच खरं सरपण, ते टिकून जळतं. त्याला एकही बोंड चिकटलेलं ठेवू नका. शेंड्यांचा बोंडांसकट बारीक भुगा करा आणि कंपोस्टच्या खड्ड्यात घाला, किंवा विटा-कांड्यावाल्याला लगेच विका, किंवा आधी तेच चुलीत घाला. शेंडा अंगणात ठेवायचा नाही. आणि हे गावाने मिळून करायचं. एकाने केलं आणि शेजाऱ्याची गंजी तशीच राहिली, तर पतंगाला धुरा ओलांडायला परवाना लागत नाही.

बुंधे छपराखाली ठेवा, खाली दगड किंवा लाकडाचे ओंडके देऊन. ओल हा सरपणातला दुसरा चोर. शंभरात तीस भाग ओल असलेलं लाकूड आणि दहा भाग ओल असलेलं लाकूड यांच्या उष्णतेत किलोमागे हजार उष्मांकांचा फरक पडतो. ओलं लाकूड विकत घेणारा पाण्याचे पैसे देतो, आणि वर ते पाणी उडवायला पुन्हा लाकूड जाळतो. विकत घ्यायचंच असेल तर चैत्र-वैशाखात घ्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखण वाजलं तर वाळलेलं, बद वाजलं तर ओलं.

तिसरी गोष्ट चुलीची. केंद्र सरकारचा निर्धूर चुलीचा कार्यक्रम १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. कार्यक्रम बंद झाला म्हणून चूल वाईट ठरत नाही. चांगली बांधलेली निर्धूर चूल शंभरातले वीस-बावीस उष्मांक भांड्याला देते. म्हणजे सरपण जवळजवळ निम्मं लागतं आणि धूर घराबाहेर जातो. आंघोळीच्या पाण्याला आपला जुना बंब चांगला. त्याच्या मधल्या नळीला चारही बाजूंनी पाणी असतं, म्हणून उष्णता वाया कमी जाते. फक्त नळीतली काजळी दर आठवड्याला काढा.

आणखी एक बिनपैशाची युक्ती. रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी पहाटे १८ अंशांवर येतं. त्याच वेळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी २५-२६ अंशांचं असतं. आंघोळीला ४० अंश लागतात. टाकीतलं पाणी तापवायचं म्हणजे २२ अंश चढायचे, ताजं पाणी घेतलं तर १४. सरपण तिसऱ्या हिश्शाने वाचलं. वीज पहाटे असेल तर पाणी तेव्हाच काढा.

आता शेण. गोवरी जाळताना आपण खत जाळतो, हे खरं. पण त्याचाही हिशोब प्रामाणिकपणे करू. एक क्विंटल वाळलेल्या शेणात दीड किलोच्या आसपास नत्र असतं. युरियाच्या सरकारी भावाने मोजलं तर ते वीस रुपयांचंही होत नाही. म्हणून नुसतं नत्र मोजून बाईला गोवऱ्या थापू नको म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं कोणी ऐकत नाही. खरं नुकसान सेंद्रिय पदार्थाचं आहे. आपल्या कोरडवाहू जमिनीत ओल धरून ठेवणारा तोच आहे, आणि त्याची गोणी बाजारात मिळत नाही. पावसाने पंधरा दिवस दडी मारली की त्याची किंमत कळते.

ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरं आहेत त्याने दोन घनमीटरचा गोबरगॅस बांधावा. रोज पन्नास किलो शेण लागतं. पूर्ण चालला तर पंधरा-सोळा दिवसांत एका टाकीएवढा गॅस देतो, आणि शेणाचं खत शेतात परत येतं. थंडीत गॅस कमी पडतो, म्हणून शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी वापरा आणि घुमटावर कडब्याचा किंवा कचऱ्याचा जाड थर द्या. ज्याच्याकडे एकच गाय उरली आहे त्याने या भानगडीत पडू नये. कर्ज काढून रिकामा घुमट बांधण्यात अर्थ नाही.

शेवटची गोष्ट जिवाची. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड नावाच्या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. मोरीत गॅसचा गिझर असेल तर त्याचंही तेच, हवा जायला झरोका पाहिजे. आणि रॉडचं बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

बैठकीतून जाताना एक काम घेऊन जा. घरी तराजू असेल, नसेल तर कापूस मोजायचा काटा आहेच. सात दिवस रोजचं सरपण चुलीत घालण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. विकतचं किती, घरचं किती, आणि ते आणायला घरातल्या कोणाचे किती तास गेले. पुढच्या बैठकीला ती वही आणा, आणि तिच्यावर बोलायला घरच्या मायबहिणीला सोबत आणा. हिशोब तिचा आहे, तिनेच मांडावा. आम्ही ऐकायला बसू.